पाठीला माती

गावात मला सगळे ‘काडी पैलवान’ म्हणायचे, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, पंचक्रोशीतले नावाजलेले पैलवान. कान मोडून गोळा झालेले, मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं. कुस्त्या थांबवल्यावर ते गावच्या तालमीचे वस्ताद झाले. उभ्या आयुष्यात त्यांच्या पाठीला माती लागली नाही, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा छाती फुगवून सांगायचं. अशा माणसाच्या पोटी मी जन्माला आलो. अंगात सदरा घातला तरी तो खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा.

दूध, तूप, बदाम, सगळं माझ्यावर करून झालं. अंगाला काही लागलं नाही. तरी आण्णांनी मला तालमीत घातलं. आमच्या जत्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो आणि त्याची सुरुवात लहान पोरांच्या कुस्त्यांनी होते. जिंकेल त्याला मूठभर रेवड्या. त्या रेवड्या मी कधी घरी नेल्या नाहीत. कुस्तीत हरणाऱ्याला आस्मान दिसतं म्हणतात. आमच्या गावचं आस्मान मला तोंडपाठ झालं होतं. एका जत्रेत माझ्याहून टीचभर बुटक्या पोरानं मला चीत केलं, तेव्हा आण्णांनी मला सायकलच्या नळीवर बसवून घरी आणलं आणि एवढंच म्हणाले, “तू आपला शाळा शिक.” त्या दिवसापासून माझी तालीम संपली. माझ्या जागी माझा चुलतभाऊ आला. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, बैलासारखा राबणारा आणि तितकाच गरीब स्वभावाचा. आण्णा त्याच्या पाठीवर थाप मारायचे तेव्हा तिचा आवाज पार आमच्या ओट्यापर्यंत यायचा. मी तिथं पुस्तक धरून बसलेलो असायचो. खोटं कशाला बोलू, जळायचो.

आमचं गाव देवळाली प्रवराच्या अंगाला, कॅनॉलच्या पाण्यावरचं, जिकडेतिकडे ऊस. तिथून सत्तर साली मी नगरला कॉलेजात आलो. पहिलं वर्ष, बी.एस्सी., होस्टेलची खोली. कॉलेजात आम्हाला गणित शिकवायला एक तरुण सर होते. नगरमधल्याच एका मुसलमान कुटुंबातले. किडकिडीत, चष्मा जाड, बोलणं हळू. फळ्यावर लिहिताना खडू मोडला तर खडूची माफी मागतील असे वाटायचे. दिवाळीनंतर एके दिवशी तास संपताना ते म्हणाले की, संध्याकाळी जिमखान्यामागच्या रिकाम्या गोदामात ते ज्यूडो शिकवणार आहेत, ज्याला यायचं त्यानं यावं. कलकत्त्याला शिकत असताना ते हे शिकून आले होते म्हणे. वर्गात कुजबूज सुरू झाली. ज्यूडो म्हणजे हातानं विटा फोडायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

पहिल्या संध्याकाळी गोदाम पोरांनी खच्चून भरलं. सरांनी चष्मा काढला, बुटात ठेवला, आमच्यातला सगळ्यात आडदांड पोरगा पुढे बोलावला. तो होता माझा खोलीतला सोबती, सुप्याकडचा, कोरडवाहू भाकरीवर पोसलेला ऐंशी किलोचा गडी. सर म्हणाले, ढकला मला. त्यानं ढकललं. पुढं नेमकं काय झालं ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही. सर थोडे वळले, वाकले आणि सुप्याचा गडी त्यांच्या कमरेवरून फिरून उताणा जमिनीवर आला. सरांनी त्याची बाही सोडली नव्हती म्हणून त्याला लागलं नाही. तो उठला आणि वेड्यासारखा हसायला लागला.

मी एकच गोष्ट बघितली होती: सरांचं मनगट माझ्या मनगटाएवढंच होतं.

पण दुसऱ्या दिवसापासून सर आम्हाला नुसतं पडायला शिकवायला लागले. मागे पडा, कुशीवर पडा, पुढे कोलांटी घेऊन पडा. पडताना हनुवटी छातीला लावा आणि हात जमिनीवर सपकन आपटा, म्हणजे धक्का हातातून निघून जातो. विटा फोडायला आलेली मंडळी आठवड्याभरात पांगली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलो. मी कसला जातोय? पडण्यात माझी आयुष्याची तयारी झालेली होती. सरांनी एकदा सगळ्यांना थांबवून मला पुन्हा पडायला लावलं आणि म्हणाले, बघा, हा घाबरत नाही. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं अंग बघून चांगलं बोललं होतं. मी त्या संध्याकाळी मेसमध्ये पाच भाकरी खाल्ल्या.

तोवर आम्ही पडत होतो ते फरशीवर अंथरलेल्या सतरंज्यांवर. कोपरं सोलून निघाली. गाद्या हव्यात, आणि कॉलेज म्हणजे काही आमचं सासर नव्हतं गाद्या द्यायला. मी म्हणालो, आमच्याकडं ऊस आहे. पुढच्या रविवारी मी गावाहून गोणपाटात चिपाडं भरून आणली. चिपाडं म्हणजे गुऱ्हाळात रस काढल्यावर उरतो तो उसाचा चोथा. मऊ तर झालं, पण दोन दिवसांत नगरमधल्या झाडून सगळ्या मुंग्यांना गोदामाचा पत्ता लागला. जमिनीवर एकमेकांना दाबून धरायचा सराव चालायचा, त्यात वरचा खाली आणि खालचा वर होऊन दोघंही ओरडत सुटायचे. सरांनी शांतपणे विचारलं, यात गोड नसलेलं काही मिळेल का? मग मी पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, आणलं. पोती एस.टी.च्या टपावर चढवताना कंडक्टरनं मला विचारलं, म्हशीला कॉलेजात घातलंय का? पाचट गोण्यांत दाबून शिवलं, वर जुनी ताडपत्री ताणली. पाऊल ठेवलं की कुरकुर वाजायचं आणि पडलं की आमच्या वावराचा वास यायचा.

जाकिटांची तऱ्हा वेगळीच. ज्यूडोत माणसाला नाही, त्याच्या कपड्याला धरायचं असतं. बाही आणि गळपट्टी धरून ओढायचं, फिरवायचं. मांजरपाटाची जाकिटं पहिल्याच दिवशी टराटरा फाटली. मग कापडबाजारातल्या एका शिंप्याकडून जाड दोसुतीची शिवून घेतली. त्याला आधी कळेचना. बटणं नकोत, काज नकोत, खिसे नकोत म्हटल्यावर त्यानं आमच्या तोंडाकडे बघितलं आणि अदबीनं विचारलं की, कुणाचं काही बरंवाईट झालंय का? कमरेला पट्टा म्हणून पलंगाची नवार बांधली. अशा थाटात आम्ही उभे राहायचो, एकमेकांना वाकून नमस्कार करायचो आणि भिडायचो.

ते दिवस काय सांगू! सर फळा आणून ठेवायचे गोदामात. माणसाचं चित्र काढायचे, त्यात वजनाचा मध्य दाखवायचा ठिपका, त्यातून खाली सरळ रेघ. ही रेघ पायांच्या बाहेर गेली की माणूस पडतोच, मग तो कितीही मोठा असो, हे ते गणितातल्या सिद्धतेसारखं सांगायचे. गणिताच्या तासाला झोपणारा मी, गोदामात डोळे फाडून बघायचो. महिनाभर मी सुप्याच्या गड्याला कमरेवर घ्यायचा प्रयत्न करत होतो आणि तो गोदामाच्या खांबासारखा उभा राहायचा. एका संध्याकाळी तो पुढे यायला आणि मी वळायला एकच गाठ पडली. मी त्याच्या खाली गेलो, बाही ओढली, आणि मला वजन लागलंच नाही. ऐंशी किलो गेले कुठं? मी वळून बघतो तर गडी पाचटावर उताणा, आणि त्याची बाही अजून माझ्या मुठीत. दोघंही एकदम ओरडलो. त्या दिवशी होस्टेलवर जाताना मी वाटेतल्या प्रत्येक जाड्या माणसाकडे बघून मनातल्या मनात त्याच्या वजनाची रेघ काढत होतो.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा अंगात हे भूत शिरलेलंच होतं. पहाटे मळ्यात जाऊन तोडलेल्या उसाच्या पाचटाच्या ढिगावर मी सराव करायला लागलो. मागे पडायचं, हात आपटायचा, उठायचं, परत पडायचं. तोंडानं मोजत होतो, त्यामुळे मागे आण्णा येऊन उभे राहिलेले कळलं नाही. किती वेळ बघत होते कोण जाणे. त्यांनी विचारलं, काय चाललंय? मी उत्साहानं सगळं सांगत सुटलो. ज्यूडो, सर, जपान, रेघ. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पडायला शिकायला कालीज कशाला पायजे रं? ते तर तुला आधीच येत हुतं.”

असा राग आला होता मला. पण त्यांच्यापुढं बोलायची प्राज्ञा नव्हती. घरी येऊन मी आईवर चिडलो, आणि आईनं मला तिळगूळ दिला.

फेब्रुवारीत सरांनी सांगितलं की, मे महिन्यात पुण्याला विद्यापीठाचं शिबिर आहे. त्यातून संघ निवडतील. आमच्यापैकी दोघांना नेता येईल: सुप्याचा गडी आणि मी. मला खरंच वाटेना. मी, काडी पैलवान, विद्यापीठाच्या संघाच्या दारात! पण मे महिन्यात घरी उसाला पाण्याची ओढाताण असते आणि आण्णांच्या शब्दाशिवाय आमच्याकडे पान हलत नसे. परीक्षा संपवून घरी गेलो आणि भीत भीत विषय काढला. आण्णा बैलांना पेंड घालत होते. हात न थांबवता त्यांनी निकाल दिला. चैत्रातली जत्रा आठवड्यावर आली होती.

“हगाम्यात खेळ. समद्या गावासमूर. जिंकलास तर जा पुन्याला. हरलास तर ते जाकीट आईला दे, पोतेरं तरी हुईल.”

कुणाबरोबर, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या चुलतभावाचं नाव घेतलं.

माझा भाऊ त्या साली तालुक्यात कुणाला ऐकत नव्हता. मी नगरला सरांना पोस्टकार्ड टाकलं आणि सुप्याच्या गड्याचं मोठं जाकीट मागवून घेतलं, कारण भावाला धरायला काहीतरी हवं होतं. उघड्या, मातीनं माखलेल्या अंगाला ज्यूडोवाल्यानं धरायचं काय, कपाळ? मग आठवडाभर मी मळ्यात एकच डाव घोटला. बलाढ्य माणसासाठी सरांनी शिकवलेला. समोरचा ढकलत आला की त्याची गळपट्टी दोन्ही हातांनी धरायची, एक पाय त्याच्या पोटाला लावायचा आणि आपण होऊन त्याच्या खाली उताणं पडायचं. तो जातो डोक्यावरून. सर म्हणायचे, हा डाव आपल्या ताकदीनं होतच नाही, समोरच्याच्या ताकदीनं होतो. पाचटाची मोळी बांधून मी ती डोक्यावरून फेकत होतो, आणि प्रत्येक मोळीला भावाचा चेहरा लावत होतो.

हगाम्याच्या दिवशी गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात माणूस मावत नव्हतं. तांबडी माती चाळून, ताक-हळद घालून लोण्यासारखी केलेली. हलगी कडाडत होती. पंच म्हणून फेटा बांधून आण्णा बसलेले, आणि त्यांच्या शेजारी, बघतो तर काय, आमचे सर! पोस्टकार्ड वाचून पहिल्या एस.टी.नं आले होते. गावानं त्यांनाही फेटा बांधला होता आणि तो घसरून चष्म्यावर येत होता.

पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या उरकल्या, आणि भोंग्यावरून पुकारा झाला की आता जपानी कुस्ती. मी जाकीट आणि नवार बांधून मातीत उतरलो. भाऊ लंगोट लावून, दंड थोपटत आला. मी त्याच्यापुढे सुप्याच्या गड्याचं जाकीट धरलं. सगळं गाव खो खो हसायला लागलं. आजवर पैलवानानं कुस्तीसाठी कपडे उतरवलेले लोकांनी बघितले होते, घातलेले कुणी बघितले नव्हते. कुणीतरी ओरडलं, थंडी वाजतीय व्हय? भाऊ लाजून लाल झाला. पण माझ्यासाठी त्यानं जाकीट घातलं. नवारीची गाठ त्याला येईना, ती मीच बांधून दिली. तेवढ्यात तो हळूच म्हणाला की, बारक्या, लागलं तर सांग, मी सोडीन. चांगला माणूस होता हो. म्हणूनच मला जास्त राग आला.

सलामी झाली. भिडलो. मी पहिल्याच झटक्याला त्याला कमरेवर घ्यायला गेलो, आणि उसानं भरलेली गाडी कमरेवर घ्यावी तसं झालं. जागचा हलला नाही. त्यानं मला एका हातानं बाजूला ठेवलं. परत भिडलो. तो पट काढायला, म्हणजे पाय धरून उचलायला, वाकत होता आणि मी उड्या मारत ते चुकवत होतो. लोक हसत होते, हलगी माझ्या उड्यांच्या तालावर वाजायला लागली होती. मग भावाला वाटलं असणार की, पुरे झाला पोरखेळ. त्यानं दोन्ही हात माझ्या छातीला लावले आणि तो सरळ ढकलत निघाला. मी मागे, तो पुढे. माझे पाय मातीत रेघा ओढत चालले. आणि मला एकदम कळलं की, हाच तो. हाच तो धक्का. ये, ये, अजून ढकल!

मी त्याची गळपट्टी दोन्ही मुठींत घट्ट धरली, पाय पोटाला लावला आणि त्याच्या खाली उताणा पडलो.

माझ्या डोळ्यांवरून एक मोठी सावली गेली. तो तालुक्याचा पैलवान, दोसुतीच्या जाकिटासकट, माझ्या डोक्यावरून पार पलीकडे गेला आणि पाठीवर सपशेल पडला. तो धप्प आवाज मला अजून ऐकू येतो. मी कोलांटी घेऊन उठलो तेव्हा ओढ्यात चिडीचूप होतं. हलगीवाल्यानं काठी वर धरलेली, पण वाजवायचं कुणासाठी ते त्याला कळेना. तो पंचांकडे बघत होता.

आणि मग कालवा उसळला. अर्धे म्हणत होते, पोरगं जिंकलं, पैलवानाला आस्मान दावलं. अर्धे म्हणत होते, कसलं जिंकलं, पोराची पाठ आधी लागली. मी सरांकडे बघितलं. सर उभे राहिले होते, फेटा मानेवर, आणि त्यांचे डोळे चमकत होते. ज्यूडोत याला पुरा विजय म्हणतात, खेळ तिथंच संपतो. मला ते माहीत होतं, सरांना माहीत होतं, आणि त्या सबंध ओढ्यात तिसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

आण्णा उठून मातीत आले. आधी भावाला हात देऊन उभं केलं, त्याची पाठ बघितली. मग मला वळवून माझी पाठ बघितली. दोघांच्याही पाठीला माती. मग मला समोर उभं करून त्यांनी विचारलं, “आधी कुनाची लागली?”

त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणारा माणूस आमच्या गावात तरी जन्माला आला नव्हता.

“माझी. पण आण्णा, ते मी मुद्दाम...”

“पन न्हाई.”

त्यांनी भावाचा हात वर केला. हलगी कडाडली. सर खाली येऊन त्यांना काहीतरी सांगत होते. मला ऐकू आलं ते इतकंच की, आमच्याकडे हा पुरा विजय धरतात. आण्णांनी हात जोडले आणि म्हणाले, “तुमच्याकडं धरत असतील, सर. हा हगामा हाय.” सर मान हलवून बरोबर आहे म्हणाले. मला दोघांचाही संताप आला. पुणं गेलं, शिबिर गेलं, सगळं गेलं. भाऊ जाकीट काढून माझ्या हातात देताना कानाशी लागला. “बारक्या, मधी मी कुठं गेल्तो रं?” एरवी मी हसलो असतो.

सर जेवून संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना त्यांनी शिबिराचं नाव काढलं नाही, माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. आईनं दोन्ही जाकिटं उचलली, दाराशी उभी राहून विचारलं की खरंच पोतेरं करायचं का? सकाळी उठून बघतो तर तिनं ती धुऊन दोरीवर वाळत घातलेली. मी तोंड धुऊन उसाला पाणी द्यायला, पाटाची दारं धरायला मळ्यात निघालो तेव्हा दोरीवर एकच जाकीट होतं.

दुसरं आण्णांच्या अंगात होतं.

पाचटाच्या ढिगाशी उभे होते. धोतराचा काचा मारलेला, वर ओलं, पांढरं जाकीट, पुढं बांधायला नवार सापडली नाही म्हणून बैलाचं दावं. मला हसूही येईना आणि रडूही येईना. ते म्हणाले, कालचं ते परत करून दाखव. मी विचारलं, कुणावर? त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मी म्हणालो, “आण्णा, पाठ लागंल.”

“लागू दे. हिथं कोन हाय बघाया?”

आधी पडायला शिकावं लागतं, असं मी चाचरत सांगितलं. मग शिकव, म्हणाले. आणि मी त्या माणसाला पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावा, मान आहे तेवढी वाकवा, हात आपटा. पाचटावर बसून ते मागे पडले आणि हात असा आपटला की शेजारच्या उसातून साळुंक्या उठल्या. दोनदा, तीनदा. मग उठले, माझ्यासमोर आले आणि दोन्ही हात माझ्या छातीला लावून ढकलत निघाले. त्याच हातांनी मला लहानपणी सायकलवर चढवलं होतं. मी गळपट्टी धरली, पाय पोटाला लावला, डोळे मिटले आणि खाली गेलो.

ते गेले. माझ्या डोक्यावरून अख्खे आण्णा गेले आणि पलीकडे पाचटावर उताणे पडले. हात बरोबर आपटला होता. मी धावत गेलो, हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. तसेच पडून वर बघत राहिले.

“एवढ्या जनांना आस्मान दावलं,” ते म्हणाले, “पन आपन कवा बघितलं न्हवतं.”

मी त्यांच्याशेजारी पाचटावर बसलो. त्यांच्या मोडक्या कानात पाचटाची एक काडी अडकली होती. ती काढून टाकत त्यांनी विचारलं, पुण्याला कधी निघायचं? मी म्हणालो, पण मी तर हरलो. 

“हगाम्यात हरलास. तिथला निकाल तिथं.” मग ते कुशीवर वळून उठले, दाव्याची गाठ घट्ट केली आणि पुन्हा माझ्यासमोर उभे राहिले. “परत कर. ह्या टायमाला मी जरा जोरात ढकलतो.”

ऊन वर येईपर्यंत मी त्यांना पाडत होतो. पाटाचं दार फुटून शेजारच्या वाफ्यात पाणी गेलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.